मापावरची शीग

आमच्या रुचीला वळण नाही. नागपूरहून सकाळच्या गाडीनं येते, गोंदियाला उतरून ऑटोनं कुडव्याला, आणि ऑटोतून उतरली की घराला वळसा घालून सरळ मागच्या कोठ्यात, डुकरांकडे. मी समोर ओट्यावर बसलेली असते. माणूस आहे मी, खांब नाही. पण ती कोठ्यातूनच ओरडते, "आजी, डावीकडच्या तीन नंबरला हगवण होती का या आठवड्यात?" आजी, जेवलीस का, नाही. आजी, गुडघा कसा आहे, नाही. तीन नंबरची हगवण.

मी ओट्यावरूनच सांगते, "तीन नंबर ठणठणीत आहे. एक नंबर म्हातारीचं विचार."

"कोणती म्हातारी?" ती विचारते आणि डुकराच्या पोटाखाली टेप घालते.

रुची माझ्या चंद्रशेखरची एकुलती एक पोरगी. नागपुरात जनावरांची डॉक्टरकी शिकली आणि आता त्याच्याही वरचं शिकते आहे. चंद्रशेखर तिथंच नोकरीला. महिन्यातून एकदा फोन करतो आणि दर वेळी तेच तीन प्रश्न: औषध घेतेस ना, मोटर चालते ना, इकडं राहायला येतेस का. तिसरा प्रश्न आला की त्याचा आवाज बारीक होतो. मी नाही म्हटलं की पुन्हा मोठा होतो. एवढं मला चौथी न शिकताही ऐकू येतं.

माझे मालक, सुकराम, जाऊन सहा वर्षं झाली. घर चार खोल्यांचं, चूल एका माणसाची. डुकरं त्यांच्या वेळेपासूनची. तेव्हा इथं सगळे धानाचे बांध होते, आता प्लॉट पडले, रंगीत घरं झाली, आणि तिथल्या बाया आमच्या मागून जाताना नाकाला पदर लावतात. लावोत. दिवसभरात माझ्याशी तोंड उघडून बोलणारी डुकरंच आहेत. माझी पावलं वाजली की आतून आवाज देतात. इतक्या खात्रीनं मला कुणी बोलावत नाही.

तर गेल्या दिवाळीनंतर रुचीचा फोन आला. दोन वर्षांत तोंड न दाखवलेली पोट्टी, म्हणाली, "आजी, तुझ्याकडची आठ पिल्लं मला नऊ आठवडे देशील? नेणार नाही, तिथंच राहतील. मी दर रविवारी येऊन वजन करीन."

मी पिल्लांचं काहीच ऐकलं नाही. दर रविवारी एवढंच ऐकलं. म्हटलं, "आठ कायले, दहा घे."

ती आली, कोठ्याच्या मधोमध बांबूचा ताटवा बांधून दोन कप्पे केले, चार पिल्लं इकडे, चार तिकडे, आणि कानांत आकड्यांचे बिल्ले. मग माझ्यासमोर बसून समजावून सांगितलं, आणि खरं सांगते, ते समजावणं मला आवडलं, कारण तेवढा वेळ ती माझ्या तोंडाकडे पाहत होती.

म्हणाली, "उजवीकडच्या चौघांना पोटभर. समोर कायम असू दे, हवं तेवढं खातील. डावीकडच्यांना चार आठवडे तिसरा हिस्सा कमी. मग पुढचे पाच आठवडे त्यांनाही पोटभर."

"कायले? त्यांनी काय पाप केलं?"

"शरीर कमीत जगायला शिकतं आजी. आणि मग एकदम पोटभर मिळालं की आधीपेक्षा जोरात वाढतं, मागं राहिलेलं भरून काढतं. मला पाहायचं आहे की भरून निघतं ते मांस असतं की नुसती चरबी. आणि पूर्ण भरून निघतं का, की थोडं कायमचं मागं राहतं."

"भरून निघते," मी म्हटलं. "तुझ्या आजोबाले टायफाइड झाला होता, दीड महिन्यात काडी झाला होता. मग असा खात सुटला की दोन महिन्यांत सदरा फाटला."

"पोट सुटलं होतं की दंड भरले होते?"

मी आठवून पाहिलं. "पोट."

"तेच पाहायचं आहे," ती म्हणाली. मांसाचे धागे जन्मतानाच ठरून येतात, पुढं ते फक्त जाड होतात, नवे येत नाहीत, असंही तिनं सांगितलं. उपास फार लांबला किंवा फार लहानपणी झाला तर ते धागे नीट जाड होत नाहीत, मग किती का खाऊ घाला. म्हणून चारच आठवडे, आणि पाणी दोन्हीकडे भरपूर.

मापासाठी तिनं माझ्याच घरातला पसरट जर्मनचा गंज, म्हणजे अॅल्युमिनियमचं पातेलं, घेतला. डावीकडच्या चौघांत मिळून सकाळी तीन गंज, संध्याकाळी तीन. कोंडा, कणी, सोयाबीनची ढेप म्हणजे पेंड, सगळं तिनं सांगितलं त्या प्रमाणात कालवून ठेवलेलं. "सपाट गंज हं आजी," ती म्हणाली. मी हो म्हटलं.

पहिल्या रविवारी मी सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, वड्या केल्या. तिनं चार खाल्ल्या, फोनकडे पाहत. दुसऱ्या रविवारी लाखोरीची डाळ आणि भात. तिसऱ्या रविवारी तिनं कॉलेजातून एक मशीन आणलं, डुकराच्या कमरेवर जेल लावून आतलं मांस आणि चरबी पाहायचं. शेजारची पुष्पाबाई दारात उभी राहून पाहत होती. तिनं तोंडावर हात मारला.

"काय व शामकला, डुकराची सोनोग्राफी! आमच्या सुनेचा नंबर लागाले दीड महिना लागला, अन् हे इथं घरपोच?"

"तुह्या सुनेले इथं पाठव," मी म्हटलं, "ताटव्याच्या डावीकडे जागा आहे."

रुची हसली. माझ्या बोलण्यावर ती हसली तो पहिला दिवस. मी तो आठवडाभर पुरवला.

सोमवार ते शनिवार कसे जातात ते सांगण्यासारखं नाही. बिरसीच्या विमानतळावरची शिकाऊ विमानं दिवसभर डोक्यावर घिरट्या घालतात, तीच ती, गोल गोल. मी त्यांच्यावरून वेळ ओळखते. दुपारचं शेवटचं विमान उतरलं की संध्याकाळचे तीन गंज. डावीकडची चारही, ज्यात खायला घालायचं त्या कापलेल्या ड्रमच्या काठावर पाय ठेवून उभी असायची. मी घालायची आणि त्यांचं होईपर्यंत तिथंच दगडावर बसायची. घरात जाऊन करायचं काय?

चौथ्या रविवारी, उपासाचा शेवटचा दिवस, रुचीनं आठही पिल्लं काट्यावर चढवली. उजवीकडची सरासरी तीस किलोला आली. आधीच्या रविवारी फरक दिसला नाही तेव्हा ती म्हणायची, अजून लवकर आहे; आता डावीकडची पंचवीसच्या आसपास असायला पाहिजेत असं ती म्हणत होती. भरली साडेएकोणतीस. तिनं काटा पुसला, पुन्हा मोजलं. तेच. मशीन लावलं, कमरेचं मांसही जवळपास तेवढंच.

तिनं तिथूनच सरांना फोन लावला. फोनवर बोलताना तिचे डोळे मोठे होत गेले. फोन ठेवला आणि चिखलाच्या हातांनी मला मिठी मारली. "आजी! सर म्हणाले, हे आपल्या इकडच्या डुकरांचं वैशिष्ट्य असेल. तिसरा हिस्सा कमी खाऊनही वाढ थांबत नाही! आधी कुणी असं दाखवलेलं नाही. तुझ्या डुकरांनी कमाल केली!"

सहा वर्षांत मला कुणी मिठी मारली नव्हती. मी तशीच उभी राहिले, हात कुठं ठेवायचे ते न कळून. त्या दिवशी ती दुपारच्या गाडीनं गेली नाही, संध्याकाळच्या गाडीनं गेली. जाताना बिरसीच्या रस्त्याला आमचा ओळखीचा ओमेश राहतो, त्याच्याकडे बारा पिल्लं आहेत, त्यालाही आनंदानं सांगून गेली.

मंगळवारी पुष्पाबाई गाईसाठी कणी न्यायला आली. मी जर्मनचाच गंज उचलला, कणीत घातला, वर आणला आणि तिच्या टोपलीत उलटा केला. ती म्हणाली, "म्हणून मी दुकानात नाही जात. दुकानदार मापावर हात फिरवते. तुह्या हातची शीग म्हणजे शीग."

मी दुसरा गंज भरला आणि हात तिथंच थांबला. गंजावर कणीचा ढीग उभा होता, देवळाच्या शिखरासारखा.

आमच्या घरात सपाट माप कधी कुणाला दिलं नाही. मी नवी सून होते तेव्हा धान काढायला आलेल्या बायांची मजुरी पायलीनं द्यायची होती. मी पायली भरून वरून हात फिरवला तर सासूनं सगळ्यांसमोर माझ्या हातावर मारलं. म्हणाली, "हात फिरवते तो वाणी. घरची बाई शीग लावते." तेव्हापासून माझ्या हाताला मापाचा काठ दिसतच नाही. माप भरायचं म्हणजे वर शीग आलीच, मग समोर मजूर असो, पुष्पाबाई असो की डुक्कर असो.

पुष्पाबाई गेल्यावर मी कोठ्यात गेले. रुचीचा लहान काटा तिथंच होता. माझ्या रोजच्या हातानं गंज भरला, ठेवला. एक किलो दोनशे. मग पट्टी फिरवून सपाट केला. आठशे. डावीकडच्यांनी उपास केलाच नव्हता. त्यांना रोज पुरतं मिळत होतं, माझ्या हातून, अठ्ठावीस दिवस. उजवीकडची ड्रमात तोंड घालून कंटाळ्यानं खात होती आणि ही भांडून खात होती, एवढाच फरक.

मी फोन उचलला. तिचा नंबर तिनं माझ्या फोनात एक आकड्यावर लावून दिला होता, म्हणजे एकच बटण दाबायचं. दाबलं नाही.

कारण मला पुढचं सगळं दिसत होतं. तिनंच सांगितलं होतं, ही पिल्लं आता मोठी झाली, यांच्यावर पुन्हा होणार नाही. बिघडलं तर कॉलेजच्या फार्मवर पहिल्यापासून करावं लागेल. म्हणजे कुडव्याला यायचं कारण संपलं. पाच रविवार उरले होते. मी स्वतःला म्हटलं, शामकला, डुकरं तर धडधाकट आहेत, कुणाचं काय बिघडलं?

पाचवा रविवार गेला. सहावा गेला. दोन्ही रविवारी ती उशिरापर्यंत थांबली. सहाव्याला तर माझ्या बाजेवर लवंडून झोपली अर्धा तास, तोंड उघडं ठेवून, लहानपणी झोपायची तशी. मी बाजूला बसून माशा हाकलल्या. आणि तिच्या वहीत ती जे जे लिहीत होती ते सगळं माझ्या शिगेवर उभं आहे हे मला एकटीलाच माहीत होतं.

त्यानंतरच्या शुक्रवारी मी ओमेशकडे गेले. मादी त्याच्या नराला लावायची होती, त्यासाठी. ओमेश पस्तिशीचा, मेहनती, बोलका. मला पाहून म्हणाला, "या काकी, या! पाहा, आम्ही बी रुचीताईचं चालू केलं. तिसरा हिस्सा कमी. पोट्ट्यानं पट्टी बनवून दिली, एक दाणा वर जात नाही."

मी आत डोकावले. बारा पिल्लं. माझ्या पिल्लांहून लहान, नुकती दूध सुटलेली. ढेप नाही, कोंडा आणि हॉटेलातलं उरलंसुरलं. फासळ्या मोजता येत होत्या. दोघांच्या शेपट्या चावून रक्ताळलेल्या, आणि एक कोपऱ्यात पडलेलं, मी गेले तरी उठलं नाही.

"ओमेश, हे आजच्या आज बंद कर. एकदम पोटभर घालू नको, हगवण लागन. थोडं थोडं वाढव, अन् ढेप टाक."

तो हसला. "काऊन जी? ताईनं तं सांगितलं, काही फरक पडत नाही. तुमच्याच डुकरांवर पाहिलं ना? वरून शेवटी भरून निघते म्हणे."

"मी सांगून राहिली ना."

"काकी, राग नका मानू," तो म्हणाला, "पण तुमच्याहून ती शिकलेली आहे."

मी तिथंच सांगायला पाहिजे होतं. जिभेपर्यंत आलं होतं. पण ओमेशच्या अंगणात उभं राहून माझ्या हाताची चूक सांगायची, हे माझ्यानं झालं नाही. चाळीस वर्षं या लोकांना मी चुका दाखवत आले. परत येताना पूर्ण रस्ता ते कोपऱ्यातलं पिल्लू माझ्यासोबत चाललं.

सातव्या रविवारी ती आली. घराला वळसा, सरळ कोठा. मी ओट्यावरून उठले आणि मागं गेले.

"रुचे, काटा ठेव. बस."

"एक मिनिट आजी, सात नंबरचं झालं की—"

"सात नंबर कुठं पळून नाही चालला. बस."

ती बसली नाही, पण थांबली. मी गंज भरला, माझ्या हातानं, आणि काट्यावर ठेवला. आकडा तिला दिसला. मग पट्टी फिरवली आणि पुन्हा ठेवला. तोही दिसला.

शिकलेली आहे, लगेच समजली. "रोज?"

"रोज."

"दोन्ही वेळ?"

"दोन्ही वेळ."

"मी सपाट म्हटलं होतं आजी! मी तुला दहा वेळा सपाट म्हटलं होतं!"

"मले म्हटलं होतं. माह्या हाताले नव्हतं म्हटलं."

"ही काय मजाक आहे का?" तिचा आवाज फाटला. डुकरं गप्प झाली. "सरांनी पेपरची तयारी सुरू केली आहे. मी पुढच्या महिन्यात कॉन्फरन्सला बोलणार आहे. तुला कधी कळलं हे?"

खोटं बोलता आलं असतं. आज कळलं म्हणता आलं असतं.

"तीन आठवडे होत आले."

"तीन आठवडे!" ती माझ्याकडे पाहत राहिली. "आणि तू बोलली नाहीस? काऊन आजी? काऊन?"

या वयात असं बोलायची सवय नसते. जीभ चामड्याची होते. मी ताटव्याकडे पाहून सांगितलं, "तुहं येणं बंद झालं असतं."

ती खाली बसली, चिखलात, तशीच. डोक्यावरून विमान गेलं. मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. बराच वेळ तिनं हातातली वही उघडली, मिटली, उघडली. मग हळूच म्हणाली, "अजून कुणाला माहीत आहे?"

"तुले अन् मले."

"मग राहू दे."

"काय राहू दे?"

"वहीत मी सपाट मापच लिहिलेलं आहे. तेच राहू दे. दोन आठवडे उरले, तेवढे करू. आणि आजी," तिनं माझा हात धरला, शिगेचा तोच हात, "हे संपल्यावरही मी येईन. दर रविवारी. डुकरांसाठी नाही, तुझ्यासाठी. खरंच येईन."

तिचा हात गरम होता. मला जे पाहिजे होतं ते सगळं त्या हातात होतं, आणि द्यायला मला काहीच लागत नव्हतं. फक्त गप्प बसायचं. ते मला आता जमायला लागलंच होतं.

"अन् ओमेश?" मी विचारलं.

"ओमेशचं काय?"

मी तिला सांगितलं. फासळ्या, शेपट्या, कोपऱ्यातलं. ऐकताना तिनं एकदा डोळे मिटले. मग म्हणाली, "मी फोन करते त्याला. थोडं वाढव म्हणून सांगते. कारण सांगायची गरज नाही."

"अन् तुह्या सरानं पेपरात छापलं, ते वाचून जे जे ओमेश मापावर पट्टी फिरवतील, त्यांना कोण फोन करन?"

तिनं मान ताटव्याकडे वळवली. हात मात्र सोडला नव्हता. मग मीच सोडवला. जड गेलं, पण सोडवला.

मी म्हटलं, "ऐक व रुचे. चूक माह्या हातानं केली. तुह्या सराले फोन लावून दे, मी त्याले सांगीन, पूर्ण कुडव्यात सांगीन. शीग दिली याची मले लाज नाही. तीन आठवडे चूप बसली याची आहे, अन् ती मी भोगीन. पण आता तू जे बोलली ते माह्या हातानं नाही, तुह्या डोक्यानं केलं. तू खोटी नाहीस, तू घाईची आहेस. अन् घाईचा माणूस खोट्या माणसाहून जास्त नासधूस करते, कारण त्याच्यावर सारे भरोसा ठेवतात. ऊठ. ओमेशकडे जा, त्याच्या पिल्लाच्या फासळ्या आपल्या बोटानं मोज, अन् फोनवर नाही, तोंडानं सांग त्याले. मग गाडी पकड. पुढच्या रविवारी येशीन का नाही, ते मी विचारत नाही. तुह्या बापालेही मी कधी विचारलं नाही."